हेडलाइट पिवळे पडलेत? घरीच साफ करा, पण शेवटची पायरी सोडू नका

रात्री रस्ता नीट दिसत नाही म्हटलं की बरेच जण आधी बल्ब बदलतात. पण गाडी सात-आठ वर्षं जुनी असेल तर दोष बल्बचा नसून धुरकट झालेल्या काचेचा असू शकतो. अशा काचेतून प्रकाश सरळ पुढे न जाता इकडेतिकडे पसरतो. तुम्हाला खड्डा उशिरा दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र चकाकी जाते.

काच पिवळी का पडते?

आपण 'काच' म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. जुन्या ॲम्बेसेडरला खरी काच असायची, ती अशी पिवळी पडत नसे. पॉलिकार्बोनेट हलकं आणि मजबूत आहे, पण उन्हातली अतिनील किरणं त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक थर देतात. मोबाइलचा स्क्रीन गार्डच समजा. उन्हात हा थर झिजला की धूसरपणा सुरू होतो.

रील्समधल्या युक्त्या

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे थोडी चमक येते. पण संरक्षक थर परत येत नाही, म्हणून काच लवकरच पुन्हा धुरकट होते. डास पळवणारा स्प्रे, पेट्रोल किंवा थिनर तर लावूच नका. त्याने प्लास्टिक मऊ पडतं किंवा त्यात बारीक तडे जातात.

आधी हे तपासा

काचेवर पाणी मारा. ओली असताना ती स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरून आहे आणि घरी काम होईल. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आतही बघा. आत पाण्याचे थेंब किंवा तडे दिसले तर घासून उपयोग नाही.

काय लागेल?

१०००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, मायक्रोफायबर कापड, पाण्याची स्प्रे बाटली आणि हेडलाइटसाठीचा यूव्ही क्लिअर कोट. हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानात बहुतेक वस्तू मिळतात.

कसं करायचं?

१. हेडलाइट शाम्पूने धुवा. भोवतीच्या रंगावर टेपचे दोन थर लावा.

२. १००० चा पेपर भिजवून आडवा घासा. पाणी मारत राहा. आधी पिवळसर पाणी निघेल, नंतर पांढरं. काच आधीपेक्षा जास्त धूसर दिसेल, घाबरू नका.

३. २००० चा पेपर उभा घासा. आधीचे आडवे ओरखडे पूर्ण गेले की मगच ३००० घ्या. मी इथे घाई करत नाही, कारण राहिलेला ओरखडा शेवटी हमखास दिसतो.

४. धुवा, पूर्ण वाळू द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

५. क्लिअर कोटचे दोन-तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं.

स्प्रे मारणार असाल तर आधी पॉलिश करू नका. थराला धरायला किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो. ओले असताना बारीक ओरखडे थर भरून काढतो.

शेवटची पायरी का महत्त्वाची?

घासताना आपण जुना 'स्क्रीन गार्ड' पूर्ण काढतो. नवा थर दिला नाही तर उघडं प्लास्टिक पूर्वीपेक्षा लवकर पिवळं पडेल. नुसतं मेण लावलं तर ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. हार्डनर असलेला टू-के क्लिअर कोट जास्त टिकतो, पण त्याचे फवारे श्वासात जाणं घातक आहे. काम मोकळ्या जागेत करा, साधा कापडी मास्क चालणार नाही, रंगकामाचा फिल्टरवाला मास्क आणि हातमोजे घाला. वारा, धूळ आणि पाऊस असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

पुढे शक्यतो गाडी सावलीत लावा. आणि बल्बवर खर्च करण्याआधी एकदा काच ओली करून बघाच.