छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप : माफक खर्चात निवड कशी करावी ?

आपल्या व्यापारी घरांत मुलाने वा मुलीने छायाचित्रण शिकावयाचे ठरविले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. हौस म्हणून ठीक, परंतु पोटापाण्याचे काय, हा प्रश्न लगेच पुढे येतो. अशा वेळी एका नावाचे स्मरण करणे उचित होईल. भारतातील आद्य नामवंत छायाचित्रकारांपैकी लाला दीनदयाळ हे 1844 साली सरधना येथे जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यात जन्मले. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकून ते इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि पुढे त्यांनी सिकंदराबाद, इंदूर व मुंबई येथे आपले स्टुडिओ थाटले. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याची छायाचित्रेही त्यांनी घेतली आहेत. म्हणजे या विद्येने प्रतिष्ठेने संसार चालतो, हे आपल्याच एका घराण्याने शतकापूर्वी दाखवून दिले आहे.

दीनदयाळांच्या काळी चित्र काचेवर उतरे व अंधारखोलीत सिद्ध होई. आज त्या अंधारखोलीची जागा लॅपटॉपने घेतली आहे. आमची नात हा विषय शिकत असल्यामुळे खरेदीपूर्वी आम्ही जाणकारांकडे व दुकानांत पुष्कळ चौकशी केली. तीतून जे हाती आले ते सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. या खरेदीत दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते. दुकानदाराच्या सांगण्यावरून नको ते महाग यंत्र घेतले तर पैसा जातो; केवळ स्वस्त पाहून घेतले तर मुलाचे शिक्षण अडते. त्यातही दुसरे नुकसान अधिक वाईट, कारण घरचा पैसा खर्च झाला या संकोचाने मूल बोलत नाही, आणि वर्ष निघून जाते.

कामाचे स्वरूप

प्रथम काम काय आहे ते समजून घ्यावे. मोबाइलवर निघणारे चित्र बहुधा जेपीईजी या प्रकारचे असते. विद्यार्थ्यास मात्र 'रॉ' प्रकारचे चित्र घ्यावे लागते. धान्याच्या भाषेत सांगावयाचे तर 'रॉ' म्हणजे धान्य व जेपीईजी म्हणजे पीठ. धान्य हाती असेल तर जाड दळा वा बारीक दळा; पिठाचे पुन्हा धान्य होत नाही. गोपाचलावरील पंधराव्या शतकातील तीर्थंकरमूर्ती भर उन्हात टिपल्या, तर बाहेरचा दगड लखलखतो व कोनाड्यातील छाया काळीकुट्ट येते. जेपीईजीत प्रत्येक मूळ रंगाच्या केवळ 256 छटा नोंदल्या जातात; 14 बिटांच्या 'रॉ' चित्रात 16,384 नोंदता येतात. म्हणूनच छायेत दडलेली मूर्तीची मुद्रा 'रॉ' चित्रातून पुन्हा उजेडात आणता येते. हे काम लॅपटॉपवर होते, आणि त्याच्या गरजा यावरूनच ठरतात.

पडदा

छायाचित्रकाराच्या लॅपटॉपात सर्वांत मोलाची वस्तू पडदा होय, आणि दुकानात सर्वांत कमी बोलले जाते ते त्याविषयीच. पडदा 'आयपीएस' किंवा 'ओलेड' जातीचा असावा. 'टीएन' जातीच्या पडद्यावर बाजूने पाहिल्यास रंग पालटतो, म्हणून तो टाळावा. रंगांच्या मापात विशेष सावध असावे. एक माप 'एसआरजीबी'चे, दुसरे 'एनटीएससी'चे. पूर्वी मण व शेर जसे गावोगाव निराळे असत, तसाच हा प्रकार आहे. '45 टक्के एनटीएससी' असे लिहिलेला पडदा म्हणजे एसआरजीबीच्या मापाने जेमतेम 60-65 टक्के. त्यावर तांबड्या-हिरव्या रंगांची खरी पारख होत नाही. एसआरजीबी शंभर टक्के किंवा त्याच्या जवळपास असेल तोच घ्यावा. एनटीएससीच्या मापाने ते सुमारे 72 टक्के होतात. उजेड 300 निट वा अधिक असावा. ही माहिती कंपनीच्या छापील तपशिलात असते. ती दाखविण्यास विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर न दाखविलेल्या बानगीविषयी आपण जे समजतो तेच समजावे.

स्मृती, साठवण व प्रोसेसर

कार्यकारी स्मृती, म्हणजे रॅम, 16 जीबी असावी. 8 जीबीवर काम चालते, पण रखडत चालते. काही पातळ यंत्रांत रॅम पक्की जोडलेली असते व मागाहून वाढविता येत नाही. हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

साठवणीचा हिशेब कागदावर मांडावा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे एक 'रॉ' चित्र सुमारे 30 एमबीचे धरू. एका दिवशी 300 चित्रे घेतली तर 9 जीबी झाले. असे 50 दिवस झाले की 450 जीबी. यावरून 512 जीबीची एसएसडी एका वर्षातच भरेल हे उघड आहे. तथापि त्यासाठी लॅपटॉपमध्येच मोठी साठवण घेऊन खर्च वाढवू नये. आत 512 जीबीची एसएसडी व बाहेर वेगळी हार्ड डिस्क, ही व्यवस्था स्वस्त पडते.

प्रोसेसर अलीकडच्या पिढीचा व मध्यम दर्जाचा पुरतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड स्थिरचित्रांसाठी अत्यावश्यक नाही. चलच्चित्रांचे संपादन किंवा कृत्रिम बुद्धीने चित्रातील कण घालविणे हे नित्याचे काम असेल तरच त्याचा विचार करावा. 'गेमिंग' या नावाने विकली जाणारी यंत्रे जड असतात, बॅटरी लवकर संपवितात, आणि त्यांतील काहींचा पडदा वर सांगितलेल्या कमी मापाचा असतो. कॅमेऱ्याचे कार्ड घालण्याची खाच नसेल तर यंत्र नाकारू नये. वेगळा कार्ड रीडर थोडक्यात मिळतो.

वापरलेले यंत्र

ऐपत कमी असेल तर चांगल्या पडद्याचे वापरलेले यंत्र हे सुमार पडद्याच्या नव्या यंत्राहून बरे. मात्र विंडोज 10 चे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे. सबब यंत्र विंडोज 11 चालविणारे असावे. इंटेलच्या बाबतीत ते साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे असावे लागते. बॅटरीची झीज तपासावी, पडद्यावर पांढरा व काळा रंग आणून डाग पाहावेत, आणि लेखी हमीवाचून पैसे देऊ नयेत.

सॉफ्टवेअर

ॲडोबीच्या सॉफ्टवेअरसाठी नियमित वर्गणी भरावी लागते. परंतु डार्कटेबल, रॉथेरपी व गिम्प ही सॉफ्टवेअरे विनामूल्य असून शिकण्यास पुरेशी आहेत. चोरीची प्रत कोणी भरून देऊ म्हणाला तर नकार द्यावा. त्यातून यंत्रास विषाणूंचा धोका असतो, आणि अचौर्याचे व्रत सांगणाऱ्या घरात मुलाच्या विद्येचा आरंभ तसा होणे शोभत नाही.

पैशाचा हिशेब

समजा, घराने 70 हजार रुपये ठरविले. ते सर्व लॅपटॉपवर न घालता 60 हजारांच्या आत यंत्र बसवावे व उरलेल्यात बाहेरची डिस्क, कार्ड रीडर व पिशवी घ्यावी. दाल बाजारात आपण तीन ठिकाणचा भाव काढल्यावाचून सौदा करीत नाही. येथेही तसेच करावे. 1905 पासून भरत आलेल्या आपल्या व्यापार मेळ्यात सवलत मिळाली तरी मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवून पाहावा, कारण एकाच नावाखाली निरनिराळे पडदे विकले जातात.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी असतो. मुलाच्या खाजगी वापराचे यंत्र पेढीच्या नावे घेऊन त्या कराची वजावट घेणे कायद्यास धरून नाही. दुसरे, राज्य मंडळाच्या बारावीत 75 टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांस लॅपटॉपसाठी 25 हजार रुपये देण्याची योजना मध्य प्रदेश शासनाने राबविली आहे. चालू वर्षाचे नियम शाळेत विचारून घ्यावेत.

प्रतींचे जतन

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते, गेलेली चित्रे मिळत नाहीत. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा : चित्रांच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, व त्यांतील एक दुसऱ्या जागी. आपले वाडवडील एवढ्याचसाठी हिशेबाची एक नक्कल दुकानी व एक घरी ठेवीत. बाहेरच्या डिस्कचा खर्च म्हणूनच वायफळ समजू नये. आमच्याकडे ग्रीष्मात पारा 45 अंशांवर जातो व धूळही फार. यंत्र गादीवर ठेवून चालवू नये, आणि वर्षातून एकदा आतील पंखा साफ करून घ्यावा.

सारांश, पडदा आधी, रॅम नंतर, बाकी त्यानंतर, आणि प्रतींसाठी पैसा राखून ठेवावा. दुकानात मुलास बरोबर न्यावे, पडदा त्यानेच पाहावा, आणि भाव आपण ठरवावा. त्यास जे कळते ते आपणांस कळत नाही, व आपणांस जे कळते ते त्यास अद्याप शिकावयाचे आहे. अशी खरेदी झाली तर यंत्राबरोबर घराचा विश्वासही मुलाच्या पदरी पडेल, अशी आमची खात्री आहे.