पडद्यावरची फक्की

कारखान्याच्या कुंपणावरच्या कॅमेऱ्याचं ‘मोशन डिटेक्शन’चं पान उघडलं, की बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्रावर चौकटींची जाळी उमटते. मोजून पाहिली तर आडव्या २२ चौकटी, उभ्या १८. एकूण ३९६. ज्या चौकटी रंगवाल तेवढ्याच भागावर कॅमेरा पहारा देतो; बाकीच्या चित्रात हत्ती नाचला तरी तो हूं की चूं करत नाही. हे २२ आणि १८ कुठून आले? ७०४ पिक्सेल रुंद आणि ५७६ पिक्सेल उंच चित्राचे ३२ पिक्सेलचे चौकोन पाडले, की बरोबर हीच जाळी मिळते. आणि ५७६ हा आकडा मुळात संगणकाच्या जगातला नाहीच. दूरचित्रवाणीच्या ६२५ रेषांपैकी चित्र दाखवणाऱ्या रेषा तेवढ्या. १९८२च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे टीव्हीला रंग आले ते ‘पाल’ पद्धतीने, आणि ती पद्धत शोधली वाल्टर ब्रुख या जर्मन अभियंत्याने. याच ब्रुख यांनी १९४२ मध्ये बाल्टिक समुद्राकाठच्या पेनेम्युंडला व्ही-२ अग्निबाणांचं उड्डाण लांबून, सुखरूप पाहता यावं म्हणून कॅमेरा आणि पडदा तारेने जोडून दिला होता. आजच्या सीसीटीव्हीचा उगम तिथला मानतात.

ब्रुख यांच्या पडद्यासमोर माणसं डोळ्यांत तेल घालून बसत. आजच्या मोठ्या आवारात २०० कॅमेरे असतात आणि कंट्रोल रूममध्ये दोन माणसं. ती चित्रं पाहत नाहीत. कॅमेऱ्याने हाक मारली, की तेवढं पाहतात. म्हणून कॅमेऱ्याने कुठल्या तुकड्यावर लक्ष ठेवून हाक मारायची, ते आखून द्यावं लागतं. हा तुकडा म्हणजे डिटेक्शन झोन. तो चुकला तर काय होतं याचा हिशेब सोपा आहे. २०० कॅमेऱ्यांनी रात्रीत प्रत्येकी १० खोट्या हाका मारल्या, तर १२ तासांच्या पाळीत दर २२ सेकंदांना एक हाक. लांडगा आला रे आला! पहाटेच्या आत कोणीतरी स्पीकरचा आवाज बंद करतो, आणि मग २०० कॅमेरे असून नसल्यासारखे.

खोट्या हाका थांबवायच्या म्हणून बहुतेक जण सेन्सिटिव्हिटीचा आकडा खालीवर करत बसतात. त्या आकड्याला हात सगळ्यात शेवटी लावावा. खरी चूक आधीच होऊन गेलेली असते: झोन जमिनीवर नसतो, काचेवर असतो. कबड्डीच्या मैदानावर फक्की टाकली की रेषा मातीला चिकटते. पडद्यावर ओढलेली रेषा मातीपर्यंत पोचत नाही. ती चित्राच्या पापुद्र्यावर राहते, आणि त्या पापुद्र्यात जवळचं आणि लांबचं एकमेकांवर लिंपलेलं असतं.

खांबावर ४ मीटर उंचीला कॅमेरा आहे आणि १.७ मीटर उंचीचा माणूस त्याच्यापासून १० मीटरवर उभा आहे, असं धरू. कॅमेऱ्यातून निघून त्याच्या डोक्याला घासून जाणारी रेघ जमिनीला टेकते ती १७.४ मीटरवर. म्हणजे चित्रात त्याचं डोकं जिथे दिसतं, तिथली माती प्रत्यक्षात त्याच्या ७ मीटर मागची असते. आता कुंपण १५ मीटरवर असेल आणि झोन कुंपणाबाहेरच्या पट्ट्यावर असेल, तर आवारात फेरी मारणारा आपलाच वॉचमन दर फेरीला डोक्याने कुंपण ओलांडतो. कॅमेरा ३ मीटरवर असता तर हीच रेघ २३ मीटरवर गेली असती. ६ मीटरवर नेला तर १४ मीटरच्या आत टेकते आणि खोटी हाक आपोआप थांबते. सेटिंगला बोटही न लावता.

कबड्डीचा पंच पाय बघतो. खेळाडू रेषेबाहेर कितीही झुकला, हवेत लोंबकळला, तरी बाहेरच्या मातीला अंग लागेपर्यंत तो बाद होत नाही. कॅमेऱ्यातल्या पंचाचे नियम मात्र बनावटीगणिक बदलतात. माणूस ओळखला की यंत्र त्याच्याभोवती चौकट आखतं. काही यंत्रणा त्या चौकटीचा कोपरा झोनला शिवला तरी हाक मारतात, काही चौकटीचा मध्यबिंदू बघतात, आणि काही खालच्या कडेचा मध्य, म्हणजे पाय. तिसरा नियम सगळ्यात शहाणा, पण त्यालाही फसवता येतं. कमरेएवढ्या गवतात किंवा उभ्या मोटारसायकलींच्या मागे माणसाचे पाय झाकले गेले, की चौकट कमरेपाशी संपते आणि यंत्राला वाटतं पाय तिथेच आहेत, म्हणजे माणूस आहे त्याहून बराच लांब आहे. पावसाळ्यात गवत वाढतं आणि जूनमध्ये ठाकठीक चालणारा झोन सप्टेंबरात माणसं सोडून देऊ लागतो. अशा वेळी तंत्रज्ञाच्या आधी गवत कापणाऱ्याला बोलवावं.

झोन बरोबर जागी असला तरी त्यात माणूस केवढा दिसतो, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन विभागाने यासाठी रोटाकिन नावाचा एक सपाट पुतळा वापरला. उंची १.६ मीटर. तो कॅमेऱ्यासमोर उभा करायचा आणि पडद्याच्या उंचीचा किती भाग व्यापतो ते मोजायचं. डिजिटल कॅमेरे आल्यावर मोजमाप बदललं आणि २०१४च्या आयईसी ६२६७६-४ या मानकाने ते पिक्सेलमध्ये सांगितलं: कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०. चित्राची रुंदी ३,८४० पिक्सेल असलेला फोर-के कॅमेरा घेतला, तर २५० पिक्सेलचा निकष जेमतेम १५ मीटर रुंदीला पुरतो आणि २५चा निकष दीडशे मीटरला. विकणारा दीडशेचा आकडा सांगतो, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १५ मीटर रुंदीतला चेहरा असतो.

यातलीच एक गंमत मला सगळ्यात नवलाची वाटते. आजचे कॅमेरे माणूस ओळखतात ते न्यूरल नेटवर्कच्या जोरावर, आणि ही नेटवर्कं मोठं चित्र जसंच्या तसं गिळत नाहीत. २०१५ साली आलेल्या आणि या क्षेत्राचं वळण बदलणाऱ्या ‘योलो’ने चित्र आधी ४४८ पिक्सेलच्या चौकोनात आवळलं होतं, नंतरच्या आवृत्त्यांत ६४० हा आकडा रुळला. ३,८४० चे ६४० केले म्हणजे सहापट आवळलं. मीटरमागचे २५ पिक्सेल उरले ४, आणि पुरा वाढलेला माणूस ७ पिक्सेल उंचीचा झाला. सकाळी सुरक्षा अधिकारी रेकॉर्डिंग मोठं करून बघतो आणि वैतागतो, ‘अहो, हा काय धडधडीत दिसतोय, तुमचा कॅमेरा झोपला होता काय?’ कॅमेरा जागा होता. अधिकाऱ्याने जे चित्र पाहिलं ते यंत्राने पाहिलंच नव्हतं. त्याला त्याच चित्राचं टपाल तिकीट मिळालं होतं. इथे सेन्सिटिव्हिटी शंभरावर नेऊन काही होत नाही. भिंग बदलावं लागतं, नाहीतर कॅमेरा पुढे आणावा लागतो.

न्यूरल नेटवर्कच्या आधीचे, केवळ हालचाल बघणारे कॅमेरे अजून हजारोंनी चालू आहेत, आणि त्यांची रीत वेगळी. एमआयटीतल्या ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत त्यांतली सगळ्यात गाजलेली. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःची एक छोटी स्मरणवही द्यायची, आणि त्या जागी नेहमी दिसणारे तीन ते पाच रंग तिच्यात नोंदवायचे. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीखालच्या पिक्सेलला कधी पान दिसतं, कधी आकाश. दोन्ही नोंदले गेले, की पान हललं म्हणून तो दचकत नाही. वहीत नसलेला रंग आला तरच दचकतो. पण वही सतत भरत राहते. ट्रक येऊन उभा राहिला, की थोड्या वेळाने ट्रकच ‘नेहमीचा’ होतो. तो निघून गेला की मोकळी जमीन नवी वाटते आणि जिथे कोणीच नाही तिथे यंत्राला काहीतरी दिसतं. याच न्यायाने कुंपणाच्या आत उतरून तासभर निपचित बसलेला चोरही हळूहळू भिंतीत विरून जातो.

ऋतू आणि उजेड हे त्यानंतरचे वैरी. अंधारलं की कॅमेऱ्यातली इन्फ्रारेड गाळणी ‘कट्’ असा आवाज करून बाजूला सरते, रंगीत चित्र काळंपांढरं होतं आणि एका क्षणात सगळे पिक्सेल एकदम बदलतात. तिन्हीसांजेला एकाच वेळी डझनभर कॅमेरे ओरडले तर कारण बहुतेकदा हेच. वेळापत्रक लावून त्यावर उपाय करणारे असतात, पण पुण्यात जूनअखेर सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमारास आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. एकदा लावलेलं वेळापत्रक वर्षभर चालत नाही. रात्रीचे इन्फ्रारेड दिवे भिंगाजवळच असल्यामुळे समोरून पडणारा पावसाचा थेंब हिऱ्यासारखा चमकतो, आणि भिंगापुढे कोळ्याने विणलेला एक धागा पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. त्यावर फडकं हा एकच उपाय आहे.

माणूस, वाहन, जनावर अशी वर्गवारी करणारे कॅमेरे पावसाला आणि कोळ्याला सहसा भुलत नाहीत, पण त्यांचं ज्ञान त्यांच्या शाळेपुरतं असतं. अशा नेटवर्कांना शिकवण्यासाठी फार वापरला गेलेला चित्रसंग्रह म्हणजे २०१४चा ‘कोको’. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आणि प्राणी आहेत. प्राणी दहा: पक्षी, मांजर, कुत्रा, घोडा, मेंढी, गाय, हत्ती, अस्वल, झेब्रा आणि जिराफ. माकड नाही. म्हैस नाही. वाहनांत विमान आणि होडी आहे, रिक्षा नाही. आपल्याकडच्या कुंपणावर जिराफ चढण्याची शक्यता कमी, माकडाची भरपूर. आणि न शिकलेली गोष्ट समोर आली की यंत्र शिकलेल्यांतलं जवळचं नाव देऊन मोकळं होतं. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलच्या साथीने भारतीय रस्त्यांची १०,००० चित्रं जमवून २०१८ मध्ये जो संग्रह तयार केला, त्यात रिक्षाला तिचं स्वतःचं नाव मिळालं. माकडाच्या नावाची वाट पाहण्यापेक्षा कॅमेऱ्यातली ‘किमान वेळ’ आणि ‘किमान आकार’ ही सेटिंगं नीट लावलेली बरी.

पण तेही जपून. ३ मीटर खोलीचा झोन सेकंदाला ५ मीटर वेगाने पळणारा माणूस ०.६ सेकंदात पार करतो. ‘किमान १ सेकंद’ लावलं असेल तर तो सुटला, आणि सुटणारा नेमका पळणाराच असतो. दरवाजाच्या उंबऱ्यावर ओढलेल्या रेषेचंही असंच. यंत्राला माणूस ओळखून त्याचा माग धरायला काही फ्रेम लागतात. तोवर दारातून आलेला माणूस रेषेच्या अलीकडे पोचलेला असतो, आणि यंत्राच्या लेखी तो तिथेच जन्मलेला असतो. त्याने काहीही ओलांडलेलं नसतं. रेषा दारापासून चार पावलं आत घेतली की प्रश्न मिटतो.

दुसऱ्या बनावटीच्या रेकॉर्डरशी कॅमेरा जोडला की आणखी एक चमत्कार दिसू शकतो. वेगवेगळ्या बनावटींची भाषा एक व्हावी म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ओन्विफ हे व्यासपीठ काढलं. त्याच्या मोजणीत चित्राचा मध्य शून्य असतो, कडा उणे १ पासून अधिक १ पर्यंत, आणि वरची दिशा अधिक. संगणकावरची नेहमीची चित्रं मात्र डाव्या वरच्या कोपऱ्यापासून खाली मोजतात. या दोहोंमधलं रूपांतर कोणी विसरलं, की फाटकावर आखलेला झोन उलटा होऊन आभाळात जातो आणि रात्रभर चांदण्यांवर पहारा ठेवतो. छतावर उलटा टांगलेला कॅमेरा झोन आखल्यानंतर सॉफ्टवेअरमधून फिरवला तर तिथेही हाच घोळ होऊ शकतो. झोन बरोबर दिसतो पण काम करत नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो: रेषा कुठल्या पडद्यावर बघताय, कॅमेऱ्याच्या की रेकॉर्डरच्या?

शेवटी हे सगळं पायांनीच तपासावं लागतं. ब्रिटनच्या गृहखात्याने आय-लिड्स नावाचा चित्रफितींचा संग्रह केला तेव्हा दोन कुंपणांमधल्या मोकळ्या पट्ट्यात माणसांना चालायला, धावायला, वाकून जायला, रांगायला आणि चक्क लोळत जायला लावून चित्रण केलं. मध्येमध्ये ससे आणि पक्षीही येऊन गेले. आपल्या आवारातही तसंच करावं. एकाने कंट्रोल रूममध्ये फोन धरून बसायचं, दुसऱ्याने प्रत्येक झोनमधून जायचं: दिवसा, मग रात्री, मग भर पावसात छत्री घेऊन, कारण वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला उघड्या छत्रीखालचा माणूस म्हणजे दोन पायांचं काळं वर्तुळ. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं आणि वहीत लिहायचं. चालायला, धावायला, शिडी घेऊन जायला माणसं पटकन तयार होतात. लोळायला होत नाहीत. त्यासाठी जुने कपडे घरून आणायला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.