सीआरपी फुफ्फुसाचं सांगत नाही

उज्जैनला नानाखेडा बसस्टँडजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने रात्री एका रिपोर्टचा फोटो पाठवला. शेजारच्या काकांना लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आलेला, आणि रक्तातलं सीआरपी हे प्रथिन 180. नॉर्मल असतं 10 च्या आत. लगेच तिचा फोन आला, "फुफ्फुसात उतरलंय का गं? इंदूरला न्यायचं का?"

कोविडने घराघरांत रुजवलेली ही भीती आहे. सीआरपी 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं, पण ते तयार होतं यकृतात. अपेंडिक्स सुजलं, भाजलं, ऑपरेशन झालं, तरी ते वाढतं. शरीरात कुठेतरी दाह पेटलाय एवढंच ते सांगतं. कुठे पेटलाय ते नाही. कोविडकाळात तपासले जाणारे आयएल-6, डी-डायमर हे रक्तातले मार्करही जागा सांगत नाहीत.

याउलट "रिपोर्ट चांगला आला, आता काळजी नाही" ही समजूत मला जास्त घातक वाटते. दाह सुरू झाल्यावर सीआरपी चढायलाच सहा-आठ तास लागतात, शिखर गाठायला दोनेक दिवस. सकाळच्या रिपोर्टच्या भरवशावर संध्याकाळची धाप अंगावर काढू नये.

मग फुफ्फुसाच्या इजेचे मार्कर नाहीत का? आहेत. वायुकोशांच्या अस्तरातून सुटणारं एस-रेज, सर्फॅक्टंट प्रोटीन-डी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारं अँजिओपोएटिन-2. आयसीयूतल्या रुग्णांवरच्या अभ्यासांत इजेची तीव्रता आणि धोका अजमावायला ते उपयोगी पडलेत. पण एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसाची ही तीव्र इजा, ठरवण्याच्या 2012 च्या बर्लिन व्याख्येत यातलं एकही नाही. 2023 च्या नव्या व्याख्येतही नाही.

तिथे निर्णायक ठरतो ऑक्सिजन. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातला ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि रुग्ण किती ऑक्सिजन ओढतोय त्याने भागतात. निरोगी माणसाचा आकडा साध्या हवेवर साडेचारशेच्या आसपास येतो. 40 टक्के ऑक्सिजन देऊनही दाब 60 च असेल, तर 60 भागिले 0.4, म्हणजे 150. तीनशे किंवा त्याखाली आकडा, दोन्ही फुफ्फुसांत डाग, त्रास आठवड्याच्या आत सुरू झालेला आणि नुसत्या हृदयविकाराने त्याचा उलगडा होत नसेल, तर ते एआरडीएस. 2023 पासून बोटाचा ऑक्सिमीटर आणि सोनोग्राफीही ग्राह्य धरतात. धमनीतल्या रक्ताची तपासणी जिथे होत नाही, अशा लहान रुग्णालयांसाठी हा बदल फार मोलाचा आहे.

"सीआरपी वाढला, स्टेरॉइड सुरू करा" हेही कोविडकाळातलंच. कोविडवरच्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू कमी झाले ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांत. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. मे 2021 मध्ये एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही सौम्य आजारात उगाच मार्कर तपासू नका, असं जाहीरपणे सांगितलं होतं.

याचा अर्थ 180 कडे काणाडोळा करायचा असा नाही. सेप्सिस, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद, हे एआरडीएसच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि लघवीच्या संसर्गातूनही सेप्सिस होतो. म्हणून मी मावशीला म्हटलं, काकांची अँटिबायोटिक चुकवू नका, डॉक्टरांना आज रात्रीच रिपोर्ट दाखवा. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेले किंवा काका बरळायला लागले, तर थेट 108 ला फोन करा. खासगी गाडीत ऑक्सिजनशिवाय इंदूरचा रस्ता धरू नका.

आणि आत्ता? काकांच्या छातीकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज, म्हटलं. तिने फोन चालूच ठेवला आणि हळू आवाजात मोजत राहिली. अठरा भरले. ऑक्सिमीटरवर 98.

"दर चार तासांनी मोजते," ती म्हणाली.