चालणं आणि चालवणं

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपण खुर्चीतून उठतो तेव्हा आधी काय घडतं? पाय हलतो, असं आपण म्हणू. पण त्याच्याही आधी 'उठावं' हा संकल्प असतो. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतून, चेतातंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचतो. चेता-स्नायूंच्या अनेक आजारांत संकल्प शाबूत असतो, तो पार पाडणारं बळ कमी पडतं.

जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाचे योशियुकी सानकाई यांनी नेमकं हेच हेरलं. स्नायूला संदेश मिळाला की त्वचेवर अतिशय सूक्ष्म विद्युत-संकेत उमटतात. त्यांच्या 'हॅल' या अंगावर घालायच्या यंत्रात त्वचेला चिकटवलेले इलेक्ट्रोड हे संकेत टिपतात, बुटाच्या तळातले सेन्सर भार कुठल्या पायावर आहे ते ओळखतात, आणि खुब्याजवळच्या व गुडघ्याजवळच्या मोटारी जोर पुरवतात. २०१५ मध्ये जपानने पायांसाठीच्या या यंत्राला स्नायुक्षय, एएलएस अशा आठ आजारांच्या उपचारासाठी मान्यता दिली. २०१६ मध्ये ते तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात आलं.

आता मर्यादाही बघू. यानं मूळ आजार बरा होत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालण्याचा सराव करायचा, आणि यंत्र काढल्यावरही चालणं थोडं सुधारलेलं राहावं, असा हेतू आहे. आणि संकेत अजिबातच उमटत नसतील, तर यंत्रानं वाचायचं काय?

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. मराठीत 'चालणं' आणि 'चालवणं' यांत फरक एका अक्षराचा, पण कर्ता बदलतो. ठरलेल्या गतीनं पाय हलवणारं यंत्र माणसाला चालवतं. संकेताची वाट बघणारं यंत्र माणसाला चालू देतं. मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञानं अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं होतं: सवय झाली की काठी ही हातातली वस्तू उरत नाही, स्पर्शच तिच्या टोकापर्यंत पोहोचतो. यंत्रही असं आपलंसं होऊ शकेल, पण सुरुवात माणसाची असेल तरच.

हे यंत्र आपल्या घरात येईल न येईल. पण घरातलं आजारी माणूस उठू बघतं, तेव्हा आपण प्रेमापोटी लगेच त्याला काखेत धरून उचलतो. पडू नये म्हणून हात जवळ हवाच. पण क्षणभर थांबून बघू या, त्यानं उठायला सुरुवात केली आहे का? केली असेल, तर उरलेला जोर तेवढा आपला.