बोदलकसा तलावाकाठचा श्लेष

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले म्हणजे, पंख आणि पंधरवडा हे दोन्ही अर्थ एकाच 'पक्ष' शब्दात सामावून घेणाऱ्या आपल्या भाषेविषयी माझे मन कृतज्ञतेने भरून येते, आणि 'पक्षांच्या बळावर शुक्ल पक्षी आलेले पाहुणे' अशी नोंद रोजनिशीच्या दप्तरी दाखल केल्यावाचून मला राहवत नाही.

शब्दांशी खेळण्याचा हा छंद मला गाण्यांनी लावला. दिवाळीनंतरच्या मंडई नावाच्या जत्रेत रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्यातील पदे ऐकता ऐकता कानास यमकाची प्रतीक्षा करण्याची जी सवय जडली, तीच पुढे गद्य लिहितानाही वाक्याचा शेवट कोठे टेकावा हे मला सांगू लागली.

शब्दक्रीडेचे खरे सामर्थ्य मात्र मोरोपंतांपाशी (१७२९–१७९४). त्यांनी रचलेल्या १०८ रामायणांपैकी निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत; म्हणजे रामाची कथा सांगावयाची आणि 'राम' हा शब्दच उच्चारावयाचा नाही! याला नुसती कसरत म्हणणारे टीकाकार मला अन्यायी वाटतात. या शब्दकसरतीच्या दुसऱ्या टोकाला, १९५५–५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणाच्या ५६ गीतांत ग. दि. माडगूळकरांनी तीच कथा प्रासादिक शब्दांत सांगितली.

वाचकहो, ओष्ठ्य वर्ण टाळून आपल्या गावाविषयी चार ओळी अवश्य लिहून पाहा. बोदलकसावासीयांस मात्र गावाचे नावही घेता येणार नाही.