पितळी पुंगळी सत्तावनची कशी असेल?

वरवे बुद्रुकहून राजगड-तोरण्याच्या मुलखात शिरलं की इतिहास पायाखालीच असतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. शेतात किंवा ओढ्याच्या काठी एखादी हिरवं पुट चढलेली काडतुसाची रिकामी पुंगळी मिळते. कुणी तिला शिवकालीन ठरवतं. जरा वाचलेला माणूस सावधपणे म्हणतो, “नाही, ही सत्तावनच्या बंडातली.”

दोघंही चूक, पण दुसऱ्याचा राग जास्त येतो. सत्तावनचं काडतूस दातांनी तोडावं लागे आणि त्यावरच्या चरबीवरून वणवा पेटला, हे त्याने शाळेत पाठ केलेलं असतं. मग पितळ दातांनी कोण तोडतं? ते काडतूस कागदाचं होतं. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल ठासणीची. पुडी फोडून दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि ठिणगीसाठी तांब्याची इवलीशी टोपी वेगळी बसवायची. बार झाल्यावर मागे पुंगळी उरायचीच नाही. शिवकाळात तर तोड्याच्या बंदुका होत्या. त्या काळातली जमिनीत टिकणार ती शिशाची गोळी.

ब्रिटिश फौजेत पितळेच्या पत्र्याचं काडतूस आलं १८६६ मध्ये, स्नायडर रायफलीबरोबर. आज हाती लागते ती जाड बुडाची, कडेला ओठ असलेली पुंगळी बहुधा ‘थ्री नॉट थ्री’ची असते, आणि ती रायफल १८८० च्या दशकाअखेरची. हिरव्या पुटाचं म्हणाल, तर भोर-वेल्ह्याचा पाऊस पितळेला म्हातारं करायला शतकं घेत नाही.

अंदाज बांधण्यापेक्षा पुंगळी उलटी करून बूड पाहावं. मधोमध टिकलीएवढं कॅप, त्यावर खोलगट ठोका असेल तर घोड्याची सुई पडलेली. कॅपभोवती अक्षरं आणि आकडे ठोकलेले. ‘के एफ’ दिसलं तर माल विलायतेचा नव्हे, इथून पन्नासएक किलोमीटरच्या आतला: १८६९ साली उभ्या राहिलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. खडकीचं इंग्रजी स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं, म्हणून ‘के’. ‘डी आय’ म्हणजे कलकत्त्याजवळचं डमडम. नुसता ‘के’ असेल, तर मात्र बर्मिंगहॅमच्या किनॉक कंपनीकडे पाहावं लागतं. आणि अक्षरांजवळ कधी कधी ठोकलेला छोटा बाण ‘मेड इन इंग्लंड’ची खूण नाही. ती सरकारी मालमत्तेची निशाणी होती आणि भारतात घडलेल्या मालावरही बसे.

बाणाशेजारी रोमन सात असला की लोक त्याला सात मिलिमीटर वाचतात. तो काडतुसाच्या नमुन्याचा क्रमांक, म्हणजे १९१० चा ‘मार्क सात’. नळीचं माप ०.३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. पुढे ‘झेड’ जोडलेला असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू भरलेली.

उरलेला दोन आकडी अंक साल सांगतो, पण घडवल्याचं, झाडल्याचं नव्हे. ‘४३’ दिसलं म्हणून इथे १९४३ मध्ये चकमक झाली, असं होत नाही. साठ्यातला जुना माल सरावाला वर्षानुवर्षं वापरला जाई, आणि थ्री नॉट थ्री स्वातंत्र्यानंतरही पोलिसांच्या खांद्यावर होतीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. २६/११ च्या रात्री मुंबईतही काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती.

कॅपभोवतीचा रंग म्हणजे सजावट, हाही गैरसमज. थ्री नॉट थ्रीवर जांभळा असेल तर साधी गोळी, लाल असेल तर मागे उजेडाची रेघ सोडणारी. पुंगळीच्या कडेला ओठ नाही, नुसती खाच आहे? मग ती थ्री नॉट थ्री नाहीच. कदाचित नंतरच्या ७.६२ ची असेल, आणि ‘ओ एफ व्ही’ लिहिलेलं असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची.

“रिकामी पुंगळी बाळगणं गुन्हाच” आणि “रिकामीला कायदा लागत नाही” ही दोन्ही अर्धवट वाक्यं आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही धरलेत. पण जोडीच्या इतर भागांसह वापरायचे नसलेल्या किरकोळ भागांना कलम ४५ सूट देतं.

हे सगळं रिकाम्या पुंगळीपुरतं. टोकाला गोळी अजून बसलेली असेल, तर कॅपवरचा ठोका म्हणजे बार झाल्याचा पुरावा नव्हे. तो फुसका गेलेला बारही असू शकतो आणि आत दारू जिवंत असू शकते. असं काडतूस न हलवता ११२ ला फोन करावा. मोबाइलवर बुडाचा फोटो काढायलाही उचलू नये.