गच्चीवरचे ऊन आणि विजेची उसनवारी

जून महिन्यातील फरीदाबादची दुपार ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिथल्या उन्हाचे वर्णन सांगावयास नको. अशाच एका दुपारी वीज गेली. शेजारचे मास्टरजी – सेवानिवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या घरातले – मला हाताला धरून आपल्या गच्चीवर घेऊन गेले. तेथे ३ किलोवॅटचे सौर फलक उन्हात लखलखत होते. खाली घरात मात्र पंखे बंद. ‘वर एवढे ऊन असताना मी घामाने का भिजावे?’ असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता.

त्याचे उत्तर असे. फलकांपासून मिळणारी वीज घराच्या वापरायोग्य करणारा जो इन्व्हर्टर असतो, तो सामान्यतः रस्त्यावरच्या वीजजाळ्याच्या आधारानेच चालतो. जाळे मृत झाले की तोही सुमारे दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घेतो. तसे न केले, तर खांबावर चढून तार दुरुस्त करणाऱ्या कामगारास मास्टरजींच्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसेल. वीज गेल्यावरही पंखा हवा असेल, तर बॅटरी व तिला साजेसा वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. फलक बसवून देणाऱ्याने एवढी एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती.

मग या व्यवस्थेतून मिळते तरी काय? मिळते ती उसनवारी. शेजारणीला दुपारी वाटीभर साखर द्यावी आणि रात्री आपली संपली की तिच्याकडून वाटीभर परत आणावी. मधल्या काळात बाजारभाव काय झाला, हे दोघींपैकी कोणीच विचारीत नाही. नेट मीटरिंगचे मर्म एवढेच आहे. दुपारी घराच्या गरजेहून अधिक निर्माण झालेली वीज जाळ्यात जाते, रात्री लागेल ती जाळ्यातून येते, आणि युनिटास युनिट वजा होते. पूर्वीच्या तबकडीच्या मीटरमध्ये ही तबकडी उलटी फिरत असे. आताचा मीटर आलेली व गेलेली वीज निरनिराळी नोंदवितो.

सरकारी नोकरीत आमचे अर्धे आयुष्य जमाखर्च तपासण्यात जाते, म्हणून एक हिशेब मांडतो. उत्तर भारतात १ किलोवॅटच्या फलकांपासून दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात, असे धरावयास हरकत नाही. पौषातले धुके आणि उन्हाळ्यातली धूळ त्यांत आपला वाटा मागून घेतात. समजा, एप्रिलमध्ये ३६० युनिटे निर्माण झाली. पैकी १४० घरातच दिवसा खर्च झाली. ती नेट मीटरला दिसतच नाहीत. उरलेली २२० जाळ्यात गेली आणि रात्री १८० परत घेतली. तेव्हा ४० युनिटे खात्यावर जमा राहिली. जूनमध्ये वातानुकूलन यंत्र रात्रभर चालले. जाळ्यातून ४२० घेतली, १९० दिली. फरक २३०; त्यांतून मागील ४० वजा जाता बिल १९० युनिटांचे. पुष्कळ लोक ‘निर्मिती’ आणि ‘जाळ्यात दिलेली वीज’ हे दोन आकडे एकच समजतात आणि बिल चुकले म्हणून कार्यालयात हेलपाटे घालतात.

यात एक सूक्ष्म लाभ आहे. घरगुती विजेचे दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतात. वजा होणारी युनिटे वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतात. मात्र जेथे स्थिर आकार लागू आहे, तेथे तो चुकत नाही. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचे काय करावयाचे, हे त्या त्या राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. म्हणून गरजेहून मोठे फलक बसवून श्रीमंत होण्याचे स्वप्न कोणी पाहू नये.

पण साखरेची उपमा येथे अपुरी पडते. दुपारी सगळ्याच गच्च्यांवर वीज पिकते, तेव्हा तिचे मोल कमी असते. रात्री सर्वांनाच ती हवी असते, तेव्हा मोल चढते. शिवाय तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च ज्यांना गच्ची नाही त्यांच्या बिलांवर सरकतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ साली या पद्धतीला कायद्याचे रूप दिले. पण कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना युनिटास युनिट देणे थांबविले आणि जाळ्यात दिलेल्या विजेला बऱ्याच कमी दराने मोल लावण्यास आरंभ केला. तो निर्णय सर्वस्वी अन्यायाचा होता, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे सध्या वारा अनुकूल आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, आणि ३ किलोवॅट वा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यात आले. त्याच महिन्यात ग्राहकहक्कांचे केंद्रीय नियम सुधारून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांसाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट काढून टाकण्यात आली.

फरीदाबादेत खरी अडचण निराळीच आहे. येथील कित्येक घरे मजल्यामजल्याने विकली जातात आणि गच्ची एकट्याच्या मालकीची होते. १ किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तळमजल्यावरच्या कुटुंबाने ती कोठून आणावी? शेजारच्या दिल्लीत २०१९ साली नियामक आयोगाने एका ठिकाणची वीज अनेकांच्या बिलांत वाटून वजा करण्याची मुभा दिली. अशा घरांना हाच मार्ग उपयोगी पडण्यासारखा आहे.

मास्टरजींनी आता एक वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते चष्मा पुसून मीटरपुढे उभे राहतात आणि आलेली, गेलेली व निर्माण झालेली युनिटे तीन रकान्यांत उतरवून घेतात. बॅटरीचे दरपत्रकही त्यांनी मागविले होते. ते त्याच वहीत घडी करून ठेवले आहे.